धुराड्याचें माप : बंद चुलीच्या इतिहासांतील एक प्रकरण

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं सनदा, पत्रें, बखरी, नाणीं व शिलालेख हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. इमारतींचीं मापें त्याच पंक्तींत बसविण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाहीं. वस्तुतः कागद लिहिणारा मनांत कांहीं हेतु धरून लिहितो. भिंत रचणारा गवंडी मात्र पुढील संशोधकाची दिशाभूल करण्याच्या भरीस सहसा पडत नाहीं. इंग्लंडांतील जुन्या घरांच्या धुराड्यांचें १४ इंच लांब व ९ इंच रुंद हें जें रूढ माप, त्याची साक्ष प्रस्तुत लेखांत काढावयाची आहे. आज त्या देशांत कोणी जुन्या घरांत लांकडें जाळण्याची बंद लोखंडी चूल बसवूं लागला, तर चुलीच्या नळीचें तोंड ५ किंवा ६ इंचांचें, आणि धुराड्याचें पोट तिच्या चौपटीहून अधिक, असा पेंच त्याच्यापुढें पडतो. हा पेंच सोडविणें कारागिराचें काम खरें. पण तो मुळांत पडला कां, याचें उत्तर कारागिराजवळ नाहीं. तें इ. स. १८०० च्या आगेंमागें इंग्लंडांत झालेल्या एका वादांत शोधावें लागतें, आणि त्या वादांत लहान मुलांचे जीव गुंतलेले होते.

विषय आपल्या देशांतला नसल्यामुळें दोन शब्द प्रथम सांगणें अवश्य आहे. आपल्याकडे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून, झरोक्यांतून किंवा छपरांत ठेवलेल्या भोंकांतून निघून जातो, व त्या भोंकासही आपण धुराडेंच म्हणतों. थंड हवेच्या ठिकाणीं इंग्रजांनीं बांधलेले बंगले सोडले तर भिंतीच्या पोटांतून वर जाणारें उभें धुराडें आपल्या घरांत क्वचितच आढळतें. विलायतेंत मात्र धुराडें म्हणजे विटांचा किंवा दगडांचा एक उंच पोकळ खांब. त्याच्या आंतील पोकळीस या लेखांत ‘धूरनळी’, चुलीच्या लगेच वर ती जेथें आवळते त्या जागेस ‘गळा’, आणि पोकळीच्या आंतल्या अंगास बसविलेल्या मातीच्या किंवा धातूच्या थरास ‘अस्तर’ म्हटलें आहे. उघडी चूल ही खोलीकडे तोंड करून भिंतींत बसविलेली असते. बंद चूल म्हणजे दार असलेली लोखंडी पेटी, जिच्या पाठीवरून किंवा माथ्यावरून एक नळी निघून धूरनळीस मिळते.

धूर वर चढतो तो गरम असतो म्हणून. उघड्या चुलीवरून खोलींतली पुष्कळ हवा धुराबरोबर ओढली जाते, त्यामुळें तिला मोठी धूरनळी लागते. बंद चुलींत हवा बेतानें शिरते व धूरही थोडा निघतो. हा थोडा धूर रुंद नळींत सोडला म्हणजे नळीचें क्षेत्रफळ जितके पट अधिक, तितके पट त्याचा वेग कमी होतो. रेंगाळलेला धूर भिंतींस लागून निवतो, ओढ मंदावते, आणि लांकडांतील पाण्याची वाफ व डांबरासारखा अंश भिंतीवर जमूं लागतो. या चिकट काळ्या थरास क्रिओसोट म्हणतात. तो पेटला म्हणजे धुराड्यांतच आग भडकते व विटांच्या सांध्यांतून ती घराच्या तुळयांपर्यंत पोंचते. म्हणून चुलीच्या तोंडाचें व धूरनळीचें प्रमाण हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे.

इंग्लंडांतील घरांस धुराडीं लाभलीं तीं फार उशिरां. केंट परगण्यांतील पेन्सहर्स्ट येथील १३४१ सालच्या दिवाणखान्यांत शेकोटीची जागा अजूनहि मध्यभागीं आहे. धूर छपराकडे जात असे. विल्यम हॅरिसन यानें १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनांत गांवोगांव नव्यानें उभ्या राहिलेल्या धुराड्यांची नोंद केली आहे, आणि म्हाताऱ्या माणसांस त्याचें नवल वाटे असेंहि तो सांगतो. १६६२ त सरकारनें दर चुलीमागें वर्षाला दोन शिलिंग कर बसविला, तो १६८९ पर्यंत चालला. या कराच्या याद्या तेथील इतिहासकारांस आज लोकसंख्येच्या व घरांच्या अभ्यासास फार उपयोगी पडतात. करापायीं एक अनर्थहि घडला. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या खेड्यांत १६८४ सालीं मोठी आग लागून वीस घरें जळालीं व चार माणसें मेलीं. एका भटारणीनें चुलीचा कर चुकविण्यासाठीं भिंत फोडून आपली भट्टी शेजाऱ्याच्या धुराड्यास जोडली होती, हें त्या आगीचें कारण सांगतात. एका आगीसाठीं बांधलेल्या धुराड्यास दुसरी आग जोडण्याचें हें लेखीं आलेलें एक जुनें उदाहरण होय. आज एका धूरनळीस दोन चुली जोडूं नयेत असें जें कारागीर बजावतात, त्याचें मर्म या गोष्टींत आहे.

बंद चुलीचा विचार विलायतेपेक्षां अमेरिकेंत आधीं जोरानें पुढें आला. कारण तेथें थंडी कडक, आणि फिलाडेल्फियासारख्या शहरांभोंवतालचें लांकूड तुटून महाग होऊं लागलें होतें. बेंजामिन फ्रँक्लिन यानें आपल्या पेन्सिल्व्हानियन चुलीचें वर्णन करणारें चोपडें १७४४ सालीं छापिलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतला महत्त्वाचा भाग चुलीच्या रचनेचा नसून ती जुन्या धुराड्यांत बसविण्याच्या रीतीचा आहे. जुन्या चुलीच्या मूळ पाठीपासून चार इंच किंवा अधिक पुढें विटांची एक खोटी पाठ उभी करावी, तिच्या माथ्यापासून धुराड्याच्या पुढच्या अंगापर्यंतचा भाग बंद करावा, आणि त्या खोट्या पाठीच्या खालून जाणाऱ्या हवेखेरीज दुसरी हवा धूरनळींत शिरूं देऊं नये, असें तो सांगतो. म्हणजे जुनें धुराडें तसेंच ठेवून त्याचें तोंड नव्या चुलीच्या मापाचें करावयाचें. मात्र त्यानें आंवळिलें तें तोंड. वरची पोकळी जशी होती तशीच राहिली. शिवाय या चुलींत धुरास आधीं खालीं उतरून मग वर चढावें लागे, आणि धुराडें थंड असतां तो उतरण्यास राजी नसे. पुढील कारागिरांनीं हा फेरा काढून टाकला. फ्रँक्लिनला हा विषय शेवटपर्यंत सुटला नाहीं. १७८५ त युरोपांतून परततांना जहाजावर त्यानें व्हिएन्नाचा राजवैद्य इंगेनहाउस यास धुरानें कोंदणाऱ्या धुराड्यांविषयीं एक लांब पत्र लिहिलें व धूर उलटण्याचीं नऊ कारणें दिलीं. चुलीचें तोंड प्रमाणाबाहेर मोठें असणें हें त्यांतलें दुसरें.

यानंतरचा मोठा मनुष्य बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. जन्म १७५३ चा, मॅसॅच्युसेट्समधला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांच्या बाजूनें राहिला, नंतर बव्हेरियाच्या चाकरींत चढला, आणि १७९५ त लंडनास येऊन तेथील श्रीमंतांच्या चुली दुरुस्त करूं लागला. त्याचा चुलींवरील निबंध १७९६ चा आहे. उघड्या चुलींचा मुख्य दोष म्हणजे गळ्याची अफाट रुंदी, असें त्याचें निदान; पुढून मागें मोजतां गळा चार इंचांचा पुरे, असा त्याचा निर्णय. लोकांनीं तो इतका उचलला कीं १८०० त गिलरे यानें रम्फर्डच्या चुलीपुढें पाठ शेकीत उभ्या असलेल्या खुद्द रम्फर्डचें व्यंग्यचित्र काढिलें.

या निबंधांतील दोन गोष्टी आमच्या मतें पुरेशा लक्षांत घेतल्या गेलेल्या नाहींत. पहिली ही कीं, गळे इतके मोठे कां ठेवितात याचें कारण रम्फर्ड स्वतःच देतो : धुराडें साफ करणाऱ्यास आंत शिरतां यावें म्हणून. दुसरी ही कीं, गळा चार इंचांवर आणल्यावर हा मनुष्य आंत कसा जाणार, याची सोय त्याला करावी लागली. चुलीच्या पाठीच्या माथ्याशीं एक लहान दारासारखी जागा सोडावी, ती एरवीं सैल विटांनीं किंवा फरशीनें बंद ठेवावी, आणि साफसफाईच्या दिवशीं काढावी, अशी ही सोय होती. आगीला चार इंच पुरत होते. बाकीची जागा मुलाला लागत होती. रम्फर्डची ही साक्ष गळ्यापुरती आहे, धूरनळीविषयीं नाहीं, हें ध्यानांत ठेवूनच तिचा उपयोग केला पाहिजे. तथापि ज्या मुलासाठीं गळ्याशीं दार ठेवावें लागे, त्याच मुलाला दाराच्या वर सबंध धूरनळींतून माथ्यापर्यंत चढावयाचें असे. आणि वरच्या नळीला काढतां येईल अशी फरशी बसवितां येत नव्हती.

हीं मुलें कोण होतीं, तें थोडक्यांत सांगतों. दगडी कोळशाचा वापर वाढल्यावर काजळी दाट जमूं लागली, आणि ती खरडण्यास लहान अंगाचीं पोरें नळींत चढविण्याची रीति इंग्लंडांत पडली. गरीब आईबापांचीं किंवा अनाथ मुलें या धंद्यांत उमेदवार म्हणून देत. गुडघे व कोंपर भिंतींस रोंवून तीं वर सरकत. नऊ इंच चौरस नळींतूनहि त्यांस पाठवीत. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ त या धंद्यांतील लोकांस वृषणकोशाचा कर्करोग होतो व त्याचें मूळ काजळींत आहे असें दाखविलें. धंद्यापासून कर्करोग उद्भवतो याची वैद्यकांतील ही पहिली नोंद समजतात. १७८८ च्या कायद्यानें आठ वर्षांखालील मूल उमेदवार म्हणून घेण्यास मनाई केली, पण ती पाळली जात आहे कीं नाहीं हें पाहण्यास कोणी नेमला नव्हता. १८०३ सालीं या मुलांची गरजच नाहींशी करावी अशा हेतूनें लंडनांत एक मंडळी स्थापन झाली, आणि त्याच सुमारास जॉर्ज स्मार्ट यानें पोकळ काठ्यांचे तुकडे दोरीनें एकास एक जोडून टोंकास कुंचा लाविलेलें साधन तयार केलें. १८१७ त पार्लमेंटच्या समितीनें साक्षी घेतल्या. मागाहून आलेलें विधेयक १८१९ त लॉर्डांच्या सभेंत बुडालें.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. १४ बाय ९ हें माप कोठून आलें? प्रथमदर्शनीं उत्तर विटेंत सांपडतें. इंग्लंडांतील वीट चुन्याच्या सांध्यासह सुमारें ९ इंच लांब धरीत. तेव्हां ९ म्हणजे एक वीट आणि १४ म्हणजे जवळजवळ दीड वीट. वीट न फोडतां गवंड्याला जें माप साधतें तेंच रूढ होतें, हा तर्क खोटा नाहीं. पण तो अपुरा आहे. एका विटेचा चौरस, म्हणजे ९ बाय ९, हाहि विटेनेंच साधतो, त्यास सामान कमी लागतें, आणि तशा नळ्या प्रत्यक्ष बांधीतहि असत. दोन्हीं मापें विटेच्या हिशेबांत सारखींच बसत असतां मोठें माप रूढ कां व्हावें, हें वीट सांगत नाहीं.

आगीची गरज म्हणून मोठें माप लागलें, असें म्हणावें, तर त्यासहि बाध येतो. इंग्लंडच्या सध्यांच्या इमारत-नियमांस जोडलेल्या मार्गदर्शक पत्रकांत ५०० मिलिमीटर रुंद व ५५० उंच तोंडाच्या सामान्य उघड्या चुलीला २०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें ८ इंच, व्यासाची गोल नळी पुरेशी धरली आहे. तिचें क्षेत्रफळ ५० चौरस इंच. ९ बाय ९ चें ८१, आणि १४ बाय ९ चें १२६. म्हणजे रूढ नळी सामान्य उघड्या चुलीच्या गरजेच्या अडीच पट मोठी होती. गुळगुळीत अस्तराच्या गोल नळीची व खरबरीत चौकोनी नळीची तुलना अगदीं नेटकी होत नाहीं, हा आक्षेप मान्य करूनहि इतकें अंतर त्यानें भरून निघत नाहीं. विटेनें दोन मापें शक्य केलीं आणि त्यांतलें मोठें माप मनुष्याच्या शरीरानें निवडिलें, असा आमचा निष्कर्ष आहे. कोळशासाठीं नळ्या अरुंद झाल्या म्हणून मुलें चढवावीं लागलीं, असें जें सर्वसाधारणपणें लिहितात, तें यामुळें अर्धेंच खरें ठरतें. मुलें चढत होतीं म्हणून नळ्या त्याहून अरुंद होऊं शकल्या नाहींत, हा उरलेला अर्धा भाग होय.

यापुढें कायद्यानें या मापावर शिक्का मारला. १८३४ च्या कायद्यानें, व तोच नियम पुन्हा सांगणाऱ्या १८४० च्या कायद्यानें, नवीन धूरनळी १४ बाय ९ इंचांहून कमी असूं नये, गोल असल्यास तिचा व्यास निदान १२ इंच असावा, असें ठरविलें. वळणांचे कोन तीव्र ठेवण्यासहि मनाई केली. हेतु दयेचा होता : अंगावर येणाऱ्या अरुंद नळ्या नव्यानें बांधल्या जाऊं नयेत आणि कुंचा सुरळीत फिरावा. १८४० च्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील कोणासहि धुराड्यांत चढविण्यास बंदी केली. पण बंदीची अंमलबजावणी झाली नाहीं, आणि मापाची मात्र झाली! १८६४ त लॉर्ड शाफ्ट्सबरीच्या खटपटीनें आणखी एक कायदा झाला, तोहि वांया गेला. १८७५ च्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळ फुलबोर्न येथील वेड्यांच्या इस्पितळाच्या धुराड्यांत जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकून मेला, तेव्हां कोठें त्या सालच्या कायद्यानें धंदेवाल्यांस पोलिसांचा परवाना सक्तीचा करून ही रीति बंद पाडली. मुलें गेलीं, त्यांच्यासाठीं ठेवलेली पोकळी राहिली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत उठलेल्या लक्षावधि घरांस ती लाभली.

अस्तराविषयीं येथेंच सांगणें सोयीचें. या जुन्या नळ्यांस आंतून चुना व गाईचें शेण यांच्या मिश्रणाचा गिलावा देत असत. शेणाचें सारवण ही केवळ आपल्याच देशाची चाल आहे असें समजणाऱ्यांनीं लंडनच्या हवेल्यांचीं धुराडीं आंतून पाहावींत. हा गिलावा कोळशाच्या धुरांतील गंधकाच्या आम्लानें व लांकडाच्या डांबरानें कालांतरानें खाल्ला जातो, आणि दोन नळ्यांमधील अर्ध्या विटेची भिंत ढिली होऊन एका खोलीचा धूर दुसऱ्या खोलींत जाऊं लागतो. नव्या धुराड्यांस भाजक्या मातीचें अस्तर घालण्याची सक्ती इंग्लंडांत १९६५ च्या इमारत-नियमांनीं झाली. त्यापूर्वींच्या बहुतेक घरांत आजहि गिलाव्याचीच नळी आहे.

अमेरिकेंत भाजक्या मातीच्या चौकोनी नळ्यांचें अस्तर यापूर्वींच सर्वत्र झालें होतें. पण तेथेंहि तें उघड्या चुलीच्या बेतानें घातलेलें. १९७३ त खनिज तेलाचे भाव चढले तेव्हां हजारों कुटुंबांनीं बंद चुली विकत आणून जुन्या धुराड्यांस जोडल्या. हवा आंवळून रात्रभर लांकूड धुमसत ठेवणें हा या चुलींचा गुण म्हणून सांगत. तोच त्यांचा दोष ठरला, कारण धुमसता धूर आधींच थंड व डांबरानें भरलेला असतो, आणि तो अफाट नळींत शिरे. धुराड्यांच्या आगींचा सुळसुळाट झाला. तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या नियमावलींत यावर दिलेलें प्रमाण असें : धुराडें घराच्या आंत असेल तर धूरनळीचें क्षेत्रफळ चुलीच्या तोंडाच्या तिपटीहून अधिक नसावें; धुराड्याची एखादी बाजू बाहेरच्या हवेंत उघडी असेल तर दुपटीहून अधिक नसावें. आणि धूरनळी चुलीच्या तोंडाहून लहान तर कधींच असूं नये.

हें प्रमाण लावून पाहतां आंकडे बोलके आहेत. ६ इंच व्यासाच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें २८ चौरस इंच. अमेरिकेंतील ८ बाय ८ म्हणून विकल्या जाणाऱ्या अस्तराचें आंतील माप सुमारें ७ बाय ७, म्हणजे ४९. हें दुपटीच्या आंत बसतें, व कोठल्याहि भिंतीस चालतें. ८ बाय १२ म्हणून विकलें जाणारें अस्तर आंतून सुमारें ८० चौरस इंचांचें. तें घरांतल्या धुराड्यास जेमतेम चालेल, बाहेरच्या भिंतीवरील धुराड्यास चालणार नाहीं. यासाठीं अस्तर मोजावयाचें तें नांवाच्या मापानें नव्हे, आंतल्या पोकळीनें. इंग्लंडच्या १४ बाय ९ ची गोष्ट निराळी : १२६ भागिले २८, म्हणजे साडेचार पट. घराच्या आंतल्या धुराड्यासहि तें बसत नाहीं. ५ इंची तोंडाची चूल असेल तर तें साडेसहा पटींच्या जवळ जातें. ८ इंची तोंडाची चूल मात्र अडीच पटींत बसते. पण तेवढी चूल सामान्य खोलीस फार मोठी, आणि मोठी चूल मंद जाळली म्हणजे पुन्हा तेंच डांबर.

पुढील सुधारणेनें हें अंतर कमी न होतां वाढलेंच. १९८८ त अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें नव्या बंद चुलींच्या धुरावर मर्यादा घातली, ती २०१५ त आणखी कडक केली. या चुली लांकडांतील धूर आंतल्या आंत जाळतात व उष्णता खोलींत देतात, त्यामुळें धुराड्यांत जाणाऱ्या वायूंत उष्णता कमी उरते. ओढ टिकवावयाची तर नळी अधिकच नेमकी व उबदार हवी.

म्हणून आतां जुन्या पोकळींत चुलीच्या तोंडाच्याच मापाची, गंज न चढणाऱ्या पोलादाची लवचिक नळी माथ्यावरून खालीं सोडतात. सोडण्यापूर्वीं धुराडें झाडून घ्यावें लागतें. वाटेंत कोठें पोकळी ९ बाय ९ वर आली आहे काय, वळणें किती आहेत, गिलावा सुटून अडकला आहे काय, हें दिवा किंवा कॅमेरा सोडून पाहतात. अशी पाहणी करणाऱ्यानें प्रत्येक मजल्यावरचें माप टिपून ठेविलें तर वर मांडलेल्या निष्कर्षाची परीक्षा करण्यास तें फार उपयोगी पडेल. कारण एकदां नळी बसली कीं जुनी पोकळी पुन्हा मोजतां येत नाहीं. १२६ चौरस इंचांत २८ चौरस इंचांची नळी गेल्यावर भोंवतीं सुमारें ९८ चौरस इंच जागा रिकामी उरते. ती खालीं व वर बंद करून पुष्कळ ठिकाणीं व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट यांसारख्या उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या द्रव्यानें भरून टाकतात.